पंख्यावरचं नाव

अनसिंगच्या विहारात तीन पंखे आहेत आणि तिन्ही कोणाच्या ना कोणाच्या नावावर आहेत. पात्यांवर लाल ऑइल पेंटने लिहिलेलं आहे: कालकथित अमुक तमुक यांच्या स्मरणार्थ. गेलेल्या माणसाचं नाव मोठं. ज्याने पंखा दिला त्याचं खाली, बोटाच्या पेराएवढं. पंखा फिरत असताना यातलं काहीच वाचता येत नाही. वीज गेली की पाती थांबतात आणि नावं दिसू लागतात. पाण्याची टाकी, सतरंज्या, पुस्तकांचं लोखंडी कपाट, सगळ्यांवर असंच एक मोठं नाव आणि एक लहान नाव आहे. देणाऱ्याने स्वतःचं नाव मोठं लिहिलं आहे, अशी एकही वस्तू मी तिथे पाहिलेली नाही.

हे आधी सांगते, कारण पुढचा सगळा गोंधळ यातून झाला, आणि त्यात माझाही वाटा आहे.

मी वाशिमला माती परीक्षण प्रयोगशाळेत काम करते. अनसिंग माझं आजोळ. दर रविवारी मी तिथे जाऊन विहाराच्या मागच्या खोलीत मुलांचा वाचनवर्ग घेते. गेल्या वर्षी या वर्गाचा आयर्लंडमधल्या ‘स्मॉल लॅम्प’ नावाच्या संस्थेशी संबंध आला. ही संस्था जगभरातल्या लहान वाचनखोल्यांकडून लेखन मागवते. लिहिणाऱ्याला वयाची अट नाही. तिचे सात अ‍ॅम्बॅसेडर आहेत, सातही तिथले नावाजलेले लेखक. त्यांचं काम नेमकं काय, हे मला कळायला दोन ईमेल लागले. ते कचेरी चालवत नाहीत, देणग्या गोळा करत नाहीत. नियम एकच. वर्षभर ज्या ज्या गावात त्यांचा कार्यक्रम होईल तिथे स्वतःचं काही वाचण्याआधी एका अनोळखी माणसाचं एक पान वाचायचं, त्याचं नाव घेऊन. ते पान कोणाचं, हे ज्याचं त्याने निवडायचं.

मी हे वर्गात सांगितलं तेव्हा आठवीतला प्रज्वल म्हणाला, “म्हणजे हार त्यायच्या गळ्यात अन् भाषण आपलं?”

“साधारण तसंच.”

“मंग त्यायले काय भेटते?”

मी कोरे कागद वाटले. 

सात मुलांनी लिहून दिलं. त्यातलं एक पान पल्लवी खिल्लारेचं होतं. पल्लवी नववीत आहे. ती बोलते कमी आणि खोडते जास्त. तिच्या वहीत एका ओळीमागे तीन ओळी आडव्या रेघांखाली गेलेल्या असतात. तिने आजोबांवर लिहिलं होतं. देवमन खिल्लारे रेल्वेत होते. रोज सकाळी हातोडी घेऊन रुळावरून चालायचं, रूळ जागी धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या की ठोकून बसवायच्या, असं त्यांचं काम. ते वारले तेव्हा पल्लवी एक वर्षाची होती, म्हणजे तिला त्यांचं काहीच आठवत नाही. तरी तिने पान त्यांच्या तोंडून लिहिलं होतं. ‘मी रोज सकाळी निघतो आणि रुळाला विचारतो, कुठे दुखतं? घट्ट चावी एका आवाजात उत्तर देते, सैल चावी दोन आवाजांत.’ मग पुढे: ‘सातव्या पुलाखाली मी एक चप्पलजोड ठेवली आहे. ती माझ्या मापाची नाही. उन्हात ज्याचे पाय भाजतात त्याला माप विचारायचं नसतं.’

पानाच्या वर, मध्यभागी, ठळक अक्षरांत तिने लिहिलं होतं: कालकथित देवमन सखाराम खिल्लारे यांच्या स्मरणार्थ. आणि अगदी खाली, उजव्या कोपऱ्यात, बारीक: अर्पण – पल्लवी खिल्लारे, इयत्ता नववी.

मी भाषांतर केलं. मला साहित्याची सवय नाही, म्हणून जे होतं ते तसंच, जिथे होतं तिथे ठेवलं. वरचं वर, खालचं खाली, मोठं मोठं, बारीक बारीक. ईमेलमध्ये लेखकाचं नाव वेगळं लिहिलं नाही. ते पानावर आहेच, असं मी धरून चालले.

आमच्या प्रयोगशाळेत मातीच्या पिशवीत एक चिठ्ठी असते. तिच्यावर शेतकऱ्याचं नाव एका रकान्यात आणि नमुना घेणाऱ्याचं दुसऱ्या रकान्यात असतं. चिठ्ठी चुकली तर आतली माती कितीही काटेकोर तपासा, अहवाल भलत्याच शेताचा निघतो. हे मी नवीन मुलांना दरवर्षी शिकवते.

उत्तर एप्रिलमध्ये आलं. डोनाल क्विलिगन या कादंबरीकाराने, म्हणजे सातांपैकी सगळ्यात वयस्कर अ‍ॅम्बॅसेडरने, आमच्या वर्गातलं एक पान निवडलं होतं. त्यांचे वडीलही रुळावरून चालणारेच होते. ‘दिवंगत देवमन खिल्लारे’ यांचं लेखन त्यांनी स्लायगो, एनिस आणि ट्रॅली या तीन गावांत वाचून दाखवलं होतं. दिवसभर हातोडी मारून घरी आल्यावर असं लिहिणाऱ्या माणसाला आपण जिवंतपणी भेटू शकलो नाही याची त्यांना खंत होती. पान जपून ठेवून पाठवल्याबद्दल त्यांनी नातीचे आभार मानले होते. आणखी काही पानं सापडतील का, असं विचारलं होतं. शक्य झालं तर त्या पुलाचा एक फोटो पाठवावा. मे महिन्यात ब्रीडा मॅकनर्नी, दुसऱ्या अ‍ॅम्बॅसेडर, देवमन यांच्या पत्नीशी व्हिडिओवरून बोलतील, आणि त्याच दिवशी निवडलेली पानं छापायच्या पुस्तिकेसाठी लेखकाचं नाव कायम होईल.

मी पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मला वाटलं त्यांनी चूक केली. दुसऱ्यांदा आमचं पान समोर ठेवून वाचलं तेव्हा कळलं, त्यांनी पानावर जे होतं तेच वाचलं होतं.

पल्लवीला आधी एकटीला सांगावं असं मी ठरवलं होतं. पण पत्राची प्रत विहाराच्या ईमेल पत्त्यावरही गेली होती, आणि विहार समितीचा सचिव संघदीप, म्हणजे पल्लवीचा काका, देवमन यांचा मुलगा. मी रविवारी पोचले तेव्हा त्याने ते पत्र मोबाईलच्या भाषांतरातून वाचून सगळ्या वस्तीला ऐकवून टाकलेलं होतं.

“दीपा, पाय व!” त्याने मला दारातच गाठलं. “बाबा लेखक निघाले! तीन गावात वाचलं त्यायचं. विदेशात!”

अंजनाआजी, देवमन यांची बायको, बुद्धमूर्तीच्या उजव्या हाताला भिंतीला टेकून बसली होती. एरवी ती दाराजवळ बसते. तिच्या अंगावर पौर्णिमेला नेसायचं पांढरं लुगडं होतं.

“ये पोरी, जय भीम,” ती म्हणाली. “मले त्या गावायची नावं सांग. ह्या संघ्याले नीट बोलता येत नाही.”

“स्लायगो,” मी म्हणाले. “एनिस. ट्रॅली.”

“स्लायगो, एनिस, ट्रॅली,” तिने म्हटलं. “अन् तेथले लोक आयकत बसले?”

“हो, असं लिहिलंय.”

“रेल्वेत पस्तीस वर्षं हजेरीत नाव घेतलं त्यायचं. दुसरं कोठंच नाही घेतलं कोणं.”

पल्लवी खिडकीत बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

एवढ्यात भागवतमामा बोलू लागले. भागवतमामांचं शेत रुळाला लागून आहे. देवमन यांच्याशी त्यांची जुनी दोस्ती; अजूनही चौदा एप्रिलला ते सगळ्यांच्या आधी येऊन बसतात. “थे चप्पलचं बरोबर लिवलं त्यानं,” ते म्हणाले. “मलेच दिल्ती. बैल सुटला होता माहा, मी अनवाणी धावलो. पाय असे पोळले म्हणून सांगू! देवमन पुलाखाली गेला अन् चप्पल घेऊन आला.”

“हाव,” अंजनाआजी म्हणाली. “घरून जुनी चप्पल पिशवीत टाकून नेत. मी भांडो त्यायच्याशी. मले वाटे कोणाले तरी देऊन राह्यले.”

“मंग देतच होता ना वैनी!” भागवतमामा म्हणाले, आणि सगळे हसले.

पल्लवी उठून मागच्या खोलीत गेली. मी तिच्या मागे गेले.

“दीपाताई,” ती हळूच म्हणाली, “ती चप्पल मी बनवली.”

“म्हणजे?”

“मनानं. पुस्तकाच्या कपाटाले टेकून बसली होती, माहा पाय वाकडा झाला अन् चप्पल निंगाली. मंग लिवलं.”

“तुला कोणी आधी सांगितलं नव्हतं? लहानपणी? झोपताना वगैरे?”

“मले नाही आठवत.”

ती ‘नाही’ म्हणाली नाही. ‘नाही आठवत’ म्हणाली. या दोन उत्तरांमध्ये किती अंतर आहे हे मला नीट माहीत आहे, आणि ते कसं मोजायचं हे अजिबात माहीत नाही.

“मी उद्या त्यांना पत्र लिहिते,” मी म्हणाले. “चूक माझी आहे. पान तू लिहिलंस, एवढंच सांगायचं.”

“थांबा.”

“का?”

तिने दाराकडे पाहिलं. बाहेर आजी पुन्हा तीन गावांची नावं म्हणत होती.

“तिले काय सांगू? का आजोबानं नाही लिवलं? तिचं लुगडं पायलं ना तुमी?”

मग म्हणाली, “पण तीन गावात वाचलं, ताई. तीन गावात. अन् माहं नाव कोठंच नाही.”

मी पत्र लिहिलं आणि पाठवलं नाही.

फोटो तर काढायचाच होता. पुढच्या रविवारी मी स्टेशनवरून रुळाच्या बाजूच्या पायवाटेने गेले. सातवा पूल कोणता, हेच आधी ठरेना. स्टेशनपासून मोजले तर सातवा लहानसा, बिननावाचा नाला होता. पुलांवर जे आकडे रंगवलेत त्यांत सात कुठे नव्हताच. रूळ रुंद केले तेव्हा सगळे आकडे बदलले असं रेल्वेच्या गँगमध्ये, म्हणजे रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत, काम करणाऱ्या एकाने सांगितलं. वस्तीतले सगळे मात्र भागवतमामांच्या शेताजवळच्या पुलाकडे बोट दाखवत होते. पल्लवीला विचारलं तर ती म्हणाली, “सात बरा वाटला म्हणून लिवलं.”

मी भागवतमामांच्या पुलाखाली वाकले. आत कमानीच्या कोनाड्यात एक चप्पलजोड होती.

 मी ती हातात घेऊन पाहिली. रबरी, निळ्या पट्ट्यांची, आठ नंबर. तळव्याच्या खाचा कोऱ्या. आतल्या बाजूला अर्धवट खरवडलेला स्टिकर. वर धूळ होती, पण सारखी बसलेली नव्हती. मुठीने टाकल्यासारखी एका बाजूला जास्त होती. देवमन यांना जाऊन चौदा वर्षं झाली. ही चप्पल चौदा दिवसांचीही नसावी.

मी फोटो काढला. तोही पाठवला नाही.

नवी आहे हे मला कळत होतं. पण नवी चप्पल ठेवणाऱ्याला ती जागा कशी सुचली? गोष्ट ऐकून सुचली, की पूर्वी तिथे खरंच काही असायचं म्हणून? एकाच फोटोवरून दोन्ही सिद्ध करता आलं असतं, म्हणजे काहीच सिद्ध होत नव्हतं. त्या रात्री मी कागदावर तीन रकाने आखले: पल्लवीने रचलेलं, आजीला आठवतं ते, भागवतमामांना आठवतं ते. तिन्ही रकान्यांत चप्पल होती. चौथा रकाना, प्रत्यक्ष पाहिलेलं, त्यात मी लिहिलं: निळी, आठ नंबर.

पल्लवीला मी म्हणाले, “रविवारी ब्रीडाबाई बोलतील. मधे मीच असणार. आजी जे बोलेल ते मला इंग्रजीत सांगावं लागेल. तुझ्या वतीने मी काही बोलू का?”

“नका बोलू.”

“मग तू बोलशील?”

“माहित नाही.”

“त्या दिवसानंतर बदलता येणार नाही, पल्लवी. छापून जाईल.”

“माहित आहे ना,” ती चिडली. “मले राग येते, ताई. आजीचाबी येते. अन् राग आला का मंग लाज वाटते. तुमाले असं होते का?”

“होतं,” मी म्हणाले. तिला एवढ्याने काही उपयोग झाला असेल असं वाटत नाही.

मेच्या दुसऱ्या रविवारी दुपारी तीन वाजता विहारात पन्नासेक माणसं जमली. तिकडे सकाळचे साडेदहा वाजले होते. पडद्यावर पांढऱ्या केसांची, चष्मा लावलेली बाई एका स्वयंपाकघरात बसली होती. तिच्या मागे ओट्यावर न धुतलेली भांडी दिसत होती. अंजनाआजीने ते लगेच पाहिलं.

“भांडे पडले आहेत व तिचे,” ती माझ्या कानात म्हणाली. “लेखक आहे ना ही?”

“आहे.”

“मंग बरं आहे.”

ब्रीडाबाईंनी आधी सगळ्यांना नमस्कार केला. डोनाल क्विलिगन यांनी परवा चौथ्या गावात ते पान वाचल्याचं सांगितलं. मग त्यांनी आजीला विचारलं, तुमचे पती कधी लिहायचे? सकाळी, की कामावरून आल्यावर?

मी मराठीत विचारलं. आजीने पदर सावरला.

“मले दिसलं नाही कधी लिवताना,” ती म्हणाली. “मी चुलीपाशी राहो. कंदील त्यायच्यापाशी राहे. तवाच लिवलं असन.”

मी शब्द न शब्द इंग्रजीत सांगितला. ब्रीडाबाईंनी कंदिलाचं टिपून घेतलं. मी खोटं बोलले नव्हते, पण ते माझ्या तोंडातून गेलं होतं. 

मग त्या म्हणाल्या, हे पान मूळ भाषेत ऐकायला मिळेल का? नातीच्या आवाजात?

संघदीपने पल्लवीला पुढे ढकललं. तिच्या हातात तिची वही होती. वर्तुळ करून बसलेल्या बायांनी मान खाली घालून ऐकण्याची तयारी केली. गेल्या महिन्याभरात ते पान इतक्या वेळा वाचलं गेलं होतं की अंजनाआजीला, जिला अक्षर येत नाही, ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाठ होतं. पल्लवी वाचू लागली आणि आजीचे ओठ तिच्याबरोबर हलू लागले.

रुळाला विचारणं झालं. एका आवाजाची चावी, दोन आवाजांची चावी झाली. चप्पल झाली. भागवतमामांनी मान हलवली. त्यानंतर पान संपायला दोनच ओळी उरतात. पल्लवीने पान उलटलं आणि वाचलं:

“माझी बायको विचारते, दिवसभर रुळावर कोणाशी बोलता? मी म्हणतो, कोणाशीच नाही. हे खोटं आहे. मी तिच्याशीच बोलतो. फक्त ती घरी असते.”

आजीचे ओठ थांबले.

“थांब,” ती म्हणाली. “हे नव्हतं यात.”

पल्लवी थांबली.

“हे कोठून आलं?”

“आता घातलं.”

“कोणं?”

“मी.”

“त्यायच्या गोष्टीत? तू कायले घालून राह्यली त्यायच्या गोष्टीत?”

पल्लवीने वही मिटली, पुन्हा उघडली. “आजी, गोष्ट माहीच आहे. सगळी. आजोबाचं नाव मी वर टाकलं, पंख्यावर टाकते ना तसं. खाली माहं होतं. बारीक. त्यायले समजलं नाही.”

 संघदीपने पत्र असलेला मोबाईल खिशात घातला. पडद्यावरून ब्रीडाबाईंनी विचारलं, काही बिघडलं का?

मी पल्लवीकडे पाहिलं. तिने मान हलवली, म्हणजे सांगा. मी सगळं सांगितलं: पंखे, मोठं नाव, लहान नाव, माझं भाषांतर, आणि आता घातलेल्या तीन-चार ओळी. त्या ओळींचंही भाषांतर केलं. ब्रीडाबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“तिला एवढंच विचारा,” त्या म्हणाल्या, “त्या ओळी कधी सुचल्या?”

“परवा,” पल्लवी म्हणाली. “भांडे घासताना.”

मी ते सांगितल्यावर ब्रीडाबाई मागे वळून आपल्या भांड्यांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, डोनालला मी कळवते. त्याला आधी वाईट वाटेल. नाव बदलायचं असेल तर फॉर्म आत्ताच पाठवते, आजच भरा.

इकडे मात्र दुसरंच चाललं होतं.

“मंग चप्पल?” आजीने विचारलं.

“तीबी मीच.”

“अशी कशी तू?” भागवतमामा गरजले. “पुलाखाली आहे ना! जाऊन पाय!”

“भागवतमामा,” मी म्हणाले, “ती नवी आहे. स्टिकर आहे आतून.”

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. 

“मीच ठेवली,” ते म्हणाले. “फोटो मांगतला म्हणे त्यायनं. पुलाखाली काहीच नसतं तर देवमन खोटा पडला असता का नाही? जुनी कोठून आणू मी आता? पण जुनी होती, लेका! मले त्यानं दिल्ती, बैल सुटला तवा. शप्पथ.”

“अन् मी भांडो त्यायच्याशी,” आजी म्हणाली. ती पल्लवीकडे बघत होती. “मले आठवते ते काय मंग? तेबी तूच बनवलं?”

पल्लवीच्या डोळ्यांत पाणी आलं. “मले नाही माहित, आजी.”

आजी माझ्याकडे वळली. “तू शिकली आहेस. तू सांग.”

माझे चार रकाने पर्समध्ये घडी करून होते. मी ते काढले नाहीत. “मलाही नाही सांगता येत, आजी,” मी म्हणाले. तिने मान फिरवली. या उत्तराने ती माझ्यावर नाराज झाली, आणि अजून थोडी आहे.

फॉर्म आला. मी लॅपटॉप सतरंजीवर ठेवला. पल्लवी माझ्या शेजारी बसली, तिच्या पलीकडे आजी. माणसं उठून गेली नाहीत, उलट जवळ सरकली. फॉर्ममध्ये पहिला रकाना लेखकाच्या नावाचा होता. शेवटचा रकाना अर्पणाचा, लेखन कोणाच्या स्मृतीला अर्पण करायचं असेल तर.

पल्लवीने पहिल्या रकान्यात स्वतःचं नाव टाइप केलं. एका एका बोटाने, हळूहळू. शेवटच्या रकान्यात आजोबांचं पूर्ण नाव.

आजीने पडद्यावर बोट ठेवलं. “हे वरचं कोणाचं?”

“माहं.”

“अन् खाली?”

“त्यायचं.”

आजीचं बोट वरच्या नावावर राहिलं. “असं वर बरं नाही दिसत पोरीचं. पाहुण्याच्या आधी जेवाले बसल्यावानी.”

“आजी,” पल्लवी म्हणाली, “हा पंखा नाही.”

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. आजी हसली नाही. तिने वर पाहिलं. तिन्ही पंखे फिरत होते, एकाही पात्यावरचं नाव दिसत नव्हतं. मग तिने पल्लवीच्या वहीकडे हात केला.

“ते वाच पुन्हा. आता घातलेलं.”

पल्लवीने वाचलं. मी तिच्याशीच बोलतो. फक्त ती घरी असते.

“हे त्यायनं नसतं लिवलं,” आजी म्हणाली. “त्यायले असं बोलताच येत नव्हतं.” आणि मग, “तुहंच आहे हे.”

तिने बोट काढून घेतलं. “दाब व, दीपा. काय ते दाबायचं.”

मी दाबलं. फॉर्म गेला. संघदीपने सगळ्यांना चहा सांगितला, आणि खरंच कोणाचं अभिनंदन करायचं हे न ठरल्यामुळे बायांनी आजीचंही केलं आणि पल्लवीचंही.

भागवतमामा मात्र अजून सतरंजीच्या कडेला अवघडून बसले होते. “वैनी,” ते म्हणाले, “मंग ते पुलाखालची चप्पल घेऊन येऊ का परत? कोरी आहे.”

आजी गुडघ्यावर हात टेकून उठत होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

“राहू दे,” ती म्हणाली. “कोणाचे तरी पाय भाजत असतीन.”